हाकेच्या अंतरावर

गावात रात्री दहानंतर फक्त कान जागे असतात. प्रवरेच्या काठच्या आमच्या गावात घराला घर लागून आहे, मधली भिंत सामाईक, वर पत्रा. अंथरुणात पडल्या पडल्या सगळं उमगतं. खालच्या अंगाला कुणाची मोटर चालू झाली, कुणाची गाय कळा देतेय, कुणाचा मुलगा उशिरा फटफटी घेऊन आला आणि त्यानं ती बंद करून दारापर्यंत ढकलत आणली, हे सुद्धा. या आवाजांमध्ये एक आवाज असा आहे, की तो आला म्हणजे अख्खी आळी गप्प होते. आधी पुरुषाचा चढा स्वर. मग भांडं आपटल्याचा. मग काहीतरी बोथट, जड. आणि मग बाईचं ओरडणं, लेकरं उठू नयेत म्हणून तिनं स्वतःच दाबून धरलेलं. आळीत कुणीतरी खाकरतं. कुणी टीव्हीचा आवाज वाढवतं. कुणी कूस बदलत म्हणतं, "चाललंय त्यांचं."

सकाळी ती नळावर येते. पदर कपाळापर्यंत ओढलेला. "मोरीत पाय घसरला," म्हणते. कधी म्हणते, "गाईनं शिंग मारलं." ऐकणारीला खरं ठाऊक असतं, आणि ते तिला ठाऊक आहे हे सांगणारीलाही माहीत असतं. तरी दोघी मिळून ते गाईवर ढकलतात आणि हंडे उचलतात.

शहरातल्या बंद दारांमागची मारहाण कुणाला कळत नाही, असं आपण म्हणतो. गावात ती कळते. रात्री कळते, सकाळी दिसते, दुपारी पारावर तिच्याबद्दल दोन वाक्यं बोललीही जातात. मारणारा हात एकाचा असतो, आणि त्यावर पांघरूण घालणारे हात आळीभरचे. गेली कित्येक वर्षं मला त्या एका हातापेक्षा या अनेक हातांचा विचार जास्त छळतो आहे.

कारण हेच गाव एरवी किती धावतं! वैरणीच्या गंजीला आग लागली, तर ज्याच्याशी बांधावरून दहा वर्षं अबोला आहे तोही बादली घेऊन येतो. विहिरीत बैल पडला, तर पन्नास माणसं दोर घेऊन उभी राहतात. कुणाला पान लागलं, साप चावला, तर मध्यरात्री जीप निघते आणि भाड्याचा विचार कुणाच्या मनात येत नाही. मयताला तर बोलावणंच नसतं, माणसं आपोआप जातात. हीच माणसं त्या एका आवाजाला उंबरा ओलांडत नाहीत. त्यांना भित्री म्हणता येणार नाही. त्यांना लहानपणापासून तसं शिकवलं गेलं आहे. "नवरा-बायकोच्या मधे पडू नये. ती रात्री भांडतात, सकाळी एक होतात, आणि मधला तेवढा वाईट ठरतो." हे वाक्य मी शहाण्या, मायाळू माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. म्हणूनच ते मला भयंकर वाटतं.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत विवाहित स्त्रियांना नवऱ्याच्या हिंसेबद्दल विचारलं होतं. देशाच्या ग्रामीण भागात जवळजवळ ३२ टक्के बायकांनी कधी ना कधी ती सोसल्याचं सांगितलं, शहरी भागात २४ टक्के बायकांनी. महाराष्ट्राचा आकडा साधारण २५ टक्के, म्हणजे चौघींत एक. याच पाहणीत जवळजवळ निम्म्या बायकांनी काही ना काही कारणासाठी नवऱ्यानं मारणं बरोबर आहे असं म्हटलं, आणि त्या कारणांत सगळ्यांत वर होतं सासू-सासऱ्यांचा मान न राखणं. पण माझं मन अडकून राहिलं ते दुसऱ्याच एका आकड्यापाशी. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी सुमारे ७७ टक्के बायकांनी ना कुणाची मदत मागितली होती, ना कुणाला सांगितलं होतं. यावर लोक म्हणतात, बायका बोलत नाहीत. मला आमची आळी आठवते. जिथं सगळ्यांना ऐकू आलेलंच आहे, तिथं तिनं आणखी काय सांगायचं? आणि कुणाला?

कुणाला, हा प्रश्न गावात फार अवघड आहे. लग्न होऊन ती दुसऱ्या गावाहून येते. आळीतलं प्रत्येक घर त्याच्या भावकीतलं. पोलीस पाटील त्याचा चुलता, सरपंच मावसभाऊ, डेअरीचा सचिव शाळेतला सोबती, दुकानदार त्याच्या बापाला काका म्हणणारा. तिच्या बाजूचं असं गावात एकही माणूस नसतं. तिनं तक्रार करायची म्हणजे त्याच्याच माणसांकडे त्याचीच तक्रार करायची. शहरात शेजारी परका असतो, आणि त्या परकेपणाचा कधीकधी आधार होतो. गावात परकी असते ती एकटी तीच, आणि सगळ्यांनी तिला वहिनी म्हटलं म्हणून ते परकेपण संपत नाही.

पूर्वी तिला जातं होतं. पहाटे दळताना दोघीजणी समोरासमोर बसायच्या आणि दिवसभर ज्याचा उच्चार करता येत नाही ते ओवीत घालायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या. त्यात विठ्ठल आहे, भाऊ आहे, लेक आहे, आणि जागोजागी सासुरवासही आहे. त्या ओव्यांत जाच आहे, उपास आहे, टाकून दिलं जाण्याची भीती आहे. मला जात्याचे दिवस परत यावेत असं मुळीच वाटत नाही. त्या कष्टांनी बायांचे खांदे मोडले होते. पण गिरणी आली आणि दोघींनी समोरासमोर बसायची ती वेळ गेली, तिच्या जागी दुसरी कुठली वेळ काही आली नाही. शिवाय ओवी ऐकायलाही घरातली माणसं होतीच. पडवीत झोपलेला सासरा पहाटे जागाच असायचा. त्याही काळी ऐकलेलं होतं, आणि त्याही काळी कुणी उठलं नव्हतं.

हिंसा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उगारलेला हात येतो. गावात तिची रूपं पुष्कळ आहेत, आणि त्यातली बरीचशी रीत म्हणून खपतात. धारा ती काढते, शेणघाण ती करते, दुधाचं बिल दर दहा दिवसांनी त्याच्या खात्यावर जमा होतं. दवाखान्यात जायचं तर पन्नास रुपये मागायचे आणि त्या पन्नास रुपयांचा हिशेब रात्री द्यायचा. बोअर घ्यायचं आहे, माहेरून आण. पहिली मुलगी झाली, दुसरीही मुलगी झाली, की जेवणाच्या ताटावरचे टोमणे. मोबाइल काढून घेणं. रात्री अकरा वाजता अंगणात काढून कडी लावणं, आणि थंडीत तिनं गोठ्यात गाईच्या पाठीला पाठ लावून सकाळ करणं. नवरा वारल्यावर धाकट्या दिराला शेत हवं म्हणून तिला भांडीकुंडी घेऊन वेगळं काढणं. म्हाताऱ्या आईनं अंगठा द्यावा म्हणून लेकानं तिचा हात पिरगाळणं, हेही याच घरांतलं.

आमच्या भागात दिवाळी झाली की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच मुकादमाकडून नवऱ्याच्या हाती पडलेली असते. बाई पहाटे अंधारात उठून कोपीसमोर भाकरी थापते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते, आणि हंगाम संपला तरी तिच्या कष्टाचे वेगळे पैसे तिला दिसत नाहीत. ती अर्धा कोयता आहे. मार असह्य होऊन निघून गेली, तर कोयता मोडतो आणि उचल अंगावर येते. म्हणून मुकादम, सासर आणि पुष्कळदा माहेरही तिला समजूत घालून त्याच कोपीत परत पाठवतं. तिच्या अंगावरच्या वळांची आणि त्या उचलीची गाठ अशी घट्ट बसलेली असते.

"दारूमुळं होतं हो सगळं," असं म्हणायची पद्धत आहे. दारूनं घरं बुडाली हे मी पाहिलं आहे. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी मतदान करून दुकान बंद पाडायचं, म्हणजे बाटली आडवी करायची, यासाठी महाराष्ट्रातल्या बायकांनी ज्या चिकाटीनं मोर्चे काढले, सह्या गोळा केल्या, त्यापुढे मी नतमस्तक आहे. पण पिऊन आलेला माणूस वाटेत मुकादमाला मारत नाही. सावकारासमोर त्याचा तोल सावरलेला असतो. सरपंचाला तो रामराम घालतो. घरी पोचेपर्यंत त्याला बरोबर कळत असतं, की हात कुठे उचलायचा आणि कुठे जोडायचा. आणि न पिणारे, माळकरी, गावात मान असलेले पुरुषही मारतात. दारू बंद झाल्यावर मार कमी होतो, पण मारायचा हक्क आहे ही समजूत बाटलीतून आलेली नसते.

मग ती जात का नाही, असं शिकलेली माणसं विचारतात. जाणार कुठे? माहेर आहे, पण ते सणाचं. अंगणात दोन पोरं आणि पिशवी घेऊन भर पेरणीत लेक उभी राहिली, की आईच्या पोटात कालवतं आणि बाप आधी रस्त्याकडे बघतो, कुणी पाहिलं का म्हणून. धाकटीचं लग्न व्हायचं असतं. भावाचा संसार असतो. चार दिवसांनी बाप स्वतः तिला एसटीत बसवून परत सोडायला जातो आणि जावयापुढे हात जोडतो, "पोटात घाला." मी असे हात जोडलेले बाप पाहिले आहेत. त्यांचं लेकीवर प्रेम नव्हतं असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्यांच्यापाशी तिला ठेवायला जागा नव्हती, किंवा जागा होती पण ती तिची नव्हती.

जागेचा हा प्रश्न मला सगळ्याच्या मुळाशी दिसतो. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली हिंदू वारसा कायद्यात बदल करून लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत लेकाच्या बरोबरीचा जन्मजात हक्क दिला. कायदा झाला, आणि तलाठ्याकडे हक्कसोडपत्रांची रीघ लागली. भावाशी वाकडं नको, माहेरचं दार उघडं राहावं, म्हणून बहिणी सही करून देतात. त्या सहीनं दार उघडं राहतं, पण भाऊबीजेपुरतं. सातबाऱ्यावर तिचं नाव असतं, तर पेरणीच्या दिवसांतही ते दार तिला उघडावं लागलं असतं. बीना अगरवाल आणि प्रदीप पांडा यांनी केरळातल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या नावावर ना घर होतं ना जमीन, अशा बायकांपैकी ४९ टक्के बायकांनी नवऱ्याचा मार सोसला होता. ज्यांच्या नावावर दोन्ही होतं, त्यांच्यात हे प्रमाण ७ टक्के होतं. शिक्षण, नोकरी, माया या सगळ्यांचा उपयोग आहेच. पण ही बाई उठून जाऊ शकते, तिला जायला जागा आहे, हे मारणाऱ्याला माहीत असणं, याच्याइतकं हात आवरायला लावणारं दुसरं काही नसावं.

हे शेतकऱ्यांच्या चळवळीला फार आधी उमगलं होतं. १९८६ साली नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, आणि त्यानंतर काही वर्षांत शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. नवऱ्यानं आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा, हे ऋण फेडणं आहे असं समजून. शेकडो गावांत शेतकऱ्यांनी ते केलं. पुढे ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घराला नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावायची सोय झाली. ही दोन कागदं, सातबारा आणि नमुना आठ, गावातल्या बाईच्या अंगावरच्या वळांशी किती जवळून बांधलेली आहेत हे तलाठ्याला आणि ग्रामसेवकाला कुणीतरी समजावून सांगायला हवं.

आमच्या संगमनेरात टाकलेल्या बायकांची चळवळ उभी राहिली. निशा शिवूरकर आणि त्यांच्या सोबतिणींनी परित्यक्तांना एकत्र आणलं, आणि जिला गाव 'नवऱ्यानं सोडलेली' म्हणून खालच्या आवाजात ओळखायचं, ती तहसील कचेरीसमोर मोठ्या आवाजात रेशनकार्ड मागू लागली. पुरंदर तालुक्यात १९८७पासून 'मासूम' या संस्थेनं गावागावांत बायका तयार केल्या, त्याच गावच्या, त्याच बोलीत बोलणाऱ्या. पोलीस ठाण्यात महिलांसाठी विशेष कक्ष मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेनं सुरू केला आणि तो पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत पोचला. ही कामं मला मोठी वाटतात, कारण यांतल्या प्रत्येकीनं, ज्या बाईच्या बाजूचं गावात कुणी नाही, तिच्या बाजूचं एक माणूस उभं केलं.

याच्या उलट चित्रही मी बसून पाहिलं आहे. २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाची, वाटेची किती भांडणं तिनं कोर्टाबाहेर मिटवली, आणि ते चांगलंच झालं. पण नवऱ्याच्या माराचा तंटा पारावर आला, की बैठकीतली माणसं दोघांना समान समजावतात. त्याला म्हणतात, "हात उगारू नको." तिला म्हणतात, "तूही उलट बोलू नको." तो मान हलवतो. ती पायातल्या जोडव्यांकडे बघत बसते. तिला साडी-चोळी, नारळ देऊन घरी पाठवलं जातं आणि वहीत एक तंटा मिटल्याची नोंद होते. पंधरा दिवसांनी तोच आवाज पुन्हा येतो, तेव्हा आळी म्हणते, "एवढं पंचांनी समजावलं, तरी हिला नांदता येईना."

आमच्या आळीत माझी एक चुलत आजी होती. निरक्षर, विधवा, कमरेत वाकलेली. तो आवाज आला, की ती बॅटरी घेऊन, हातात वाटी घेऊन त्या घराच्या दारात जायची. "विरजण हाय का गं?" म्हणत सरळ आत शिरायची आणि चुलीपाशी पाट ओढून बसायची. भांडायची नाही, उपदेश करायची नाही. गुडघे चोळत पावसाचं बोलायची, वासराचं बोलायची. तो माणूस काही वेळ फुसफुसायचा आणि बाहेर जाऊन बसायचा. आजी उठायची नाही. पोरं झोपेपर्यंत, कधी कधी कोंबडा आरवेपर्यंत तिथंच. तिचं विरजणाचं निमित्त आळीत सगळ्यांना ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. पण मारणाऱ्याला त्या घटकेला कुणी पाहिलेलं चालत नाही, एवढं ती जाणून होती.

तिच्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी घरगुती हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५चा कायदा नीट वाचला. २६ ऑक्टोबर २००६पासून तो लागू आहे. त्यात मारहाणीबरोबर लैंगिक छळ आहे, शिवीगाळ आणि मानसिक जाच आहे, पैशांची अडवणूक आहे. घर कुणाच्याही नावावर असो, तिला त्या घरात राहायचा हक्क आहे. आई, बहीण, विधवा वहिनी यांनाही तो लागू होतो. आणि त्याच्या चौथ्या कलमात माझी आजी आहे. हिंसा झाली आहे, होते आहे किंवा होऊ शकते असं ज्याला वाटतं, अशी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. त्यासाठी ती नात्यातली असायची गरज नाही. आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर ना दिवाणी दावा होऊ शकतो ना फौजदारी. 'मधला वाईट होतो' या आपल्या जुन्या भीतीला कायद्यानं इतकं स्पष्ट उत्तर देऊन ठेवलं आहे. ते उत्तर गावात कुणी वाचून दाखवलेलं नाही.

वाचून दाखवायला जागा आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची हा आपल्याकडचा नियम आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. पाठोपाठ राज्य सरकारनं तोच कित्ता इतर गावांपुढे ठेवला. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत एका गावाच्या हात वर करण्यानं डळमळली. ज्या बाईच्या बांगड्या नवरा जिवंत असताना, त्याच्याच हातानं फुटतात, तिच्यासाठीही ठराव करता येईल. आवाज आला की आळीतली चार माणसं, त्यांत दोन पुरुष, त्या दारात जातील, असा. नमुना आठवर दोघांची नावं लागतील, असा. पंचांच्या बैठकीत मारहाणीची तडजोड होणार नाही, असा. तिला तालुक्याला संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचं असेल, तर आशाताई किंवा अंगणवाडीताई सोबत जाईल, असा. मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पहाटेच्या मुक्कामी गाडीत एकट्या बसलेल्या कितीतरी जणी त्या अर्ध्या तिकिटावर आज तालुक्याला पोचतात. त्यांच्या शेजारच्या सीटवर गावातलं कुणीतरी असायला हवं.

पुरुषांनी तर यायलाच हवं. त्या घरांतली पोरं भिंतीकडे तोंड करून जागी असतात. ती आईचा आवाज ऐकतात, आणि त्यानंतर आळीत पसरलेली शांतताही ऐकतात. त्या शांततेतून मुलगा शिकतो की हे चालतं, आणि मुलगी शिकते की हे सोसायचं असतं. कुणी दार वाजवलं, तर त्याच रात्री तीच पोरं काहीतरी वेगळं शिकतील. बापापेक्षा मोठं कुणीतरी आहे, आईच्या बाजूचं कुणीतरी आहे, हे त्यांना कळेल. ती मोठी झाल्यावर कुणाच्या घरात काय घडेल, हे पुष्कळसं आपण त्या एका रात्री काय करतो यावर ठरतं. म्हणून मला माझ्या गावाकडून फार काही नको आहे. गंजीच्या आगीला ते जसं धावतं, तसंच इथं धावावं. अंतर तेवढंच आहे.